रोज चार तास बसतो, तरी पेपरात आठवत नाही

"मॅडम, पुस्तक हातातून सुटत नाही त्याच्या. तरी पेपर समोर आला की सगळं कोरं. बुद्धीच कमी आहे का?"

भांडुपच्या एका आईचा हा प्रश्न. ओंकार (नाव बदललं आहे) नववीत. दुपारपर्यंत शाळा, संध्याकाळी अडीच तास क्लास, रात्री पुन्हा वाचन. विज्ञानाच्या घटक चाचणीत 20 पैकी 7.

अशा वेळी आधी झोप, नजर आणि वाचन-लेखनातली जुनी अडचण तपासावी लागते. तोंडी येतं पण लिहिता येत नाही, फळ्यावरचं उतरवायला फार वेळ लागतो, असं पहिली-दुसरीपासून दिसत असेल तर सायन रुग्णालयात अध्ययन अक्षमतेची तपासणी होते, ती टाळू नये. ओंकारला तसं काही नव्हतं. झोप मात्र जेमतेम सहा तास.

'गतीचे नियम' हा धडा त्याने आदल्या रात्री तीनदा वाचला होता. तोच पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायला सांगितला. चार ओळींनंतर पेन थांबलं. "पण काल येत होतं!" तो रडवेला झाला. येत होतंच, पुस्तक उघडं असताना. पुन्हा पुन्हा वाचलं की मजकूर ओळखीचा होतो आणि ती ओळखच आपल्याला पाठांतर वाटते.

अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली हे मोजलं. एका गटाने उतारा चार सत्रांत वाचला, दुसऱ्याने एकाच सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते, 83 टक्के विरुद्ध 71. आठवड्याने वाचणाऱ्यांकडे 40 टक्के उरलं, आठवणाऱ्यांकडे 61. परीक्षा आठवड्यानंतरच असते.

ओंकारचा क्लास बंद केला नाही, रात्रीचं वाचन बदललं. दिवसाला एक धडा, एकदाच वाचायचा. पुस्तक दुसऱ्या खोलीत, नाहीतर आईकडे. दहा मिनिटं आठवेल ते लिहायचं, मग पुस्तक उघडून राहिलेलं लाल पेनाने भरायचं. तोच धडा दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी आणि आठवड्याने पुन्हा, दर वेळी नव्या कागदावर. साडेदहाला दिवा बंद.

पहिल्या आठवड्यात हे बिघडतंच. मूल दोन मिनिटांत पुस्तक उघडतं, कारण न आठवण्याचा त्रास सोसवत नाही. पण शिकणं त्या धडपडीतच होतं. ओंकारच्या आईने लालेलाल कागद पाहून त्याला झापलं, तर पुढचे दोन दिवस त्याने लपूनछपून बघून लिहिलं. म्हणून ताईंना एकच विनंती केली: कागद तपासू नका, "आज काय शिकवलं, मला समजावून सांग" एवढंच म्हणा.

त्वरणाची (वेग किती झपाट्याने बदलतो त्याची) व्याख्या मात्र पाठ होऊनही डोक्यात शिरत नव्हती. तिथे लोकल कामी आली. रुळांलगतच्या विजेच्या खांबांवर दोन आकडे असतात, वरचा किलोमीटरचा, खालचा खांबाच्या क्रमांकाचा. खिडकीशी बसून (दारात अजिबात नाही) वरचा आकडा एकदा बदलल्यापासून पुन्हा बदलेपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि 3600 ला त्याने भागायचं. 72 सेकंद लागले तर ताशी 50 किलोमीटर. स्टेशन जवळ आलं की सेकंद वाढतात. "म्हणजे ब्रेक लागतो तेव्हापण त्वरण असतंच, फक्त ऋण!" हे त्याने स्वतःहून सांगितलं. तोवर त्वरण म्हणजे नुसतं वेग वाढणं, असंच तो धरून चालला होता.

पुढच्या चाचणीत 20 पैकी 12 आले. इतिहास अजून मागे आहे, तो आता याच पद्धतीने सुरू केला आहे.

गणिताला हे जसंच्या तसं लावू नका. तिथे एकाच प्रकारची वीस उदाहरणं ओळीने सोडवण्याऐवजी तीन वेगवेगळ्या प्रकरणांतली दोन-दोन मिसळून द्यावीत. ओळीने सोडवताना कोणतं सूत्र लावायचं हे धड्याच्या नावावरूनच कळतं, पेपरात ते मुलाला स्वतः ठरवावं लागतं.