लिनक्स सुरू होताना नेटवर्क अडकतं, आरसी-लोकलमध्ये ‘स्लीप ६०’ टाकू का?

नका टाकू.

तुम्ही लिहिलंय की डेबियन लिनक्सचं मशीन सुरू होताना ‘रेझ नेटवर्क इंटरफेसेस’ या ओळीवर पाच मिनिटं थांबतं, मग नेट नसतंच, आणि लॉगिन करून हाताने ‘आयफप’ (नेटवर्क पोर्ट उठवणारी कमांड) मारलं की लगेच चालतं. म्हणून कुणीतरी आरसी-लोकलमध्ये (बूटच्या शेवटी चालणारी फाइल) साठ सेकंदांचा स्लीप, म्हणजे नुसतं थांबणं, टाकायला सांगितलंय. याच स्लीपने माझी एक अख्खी रात्र खाल्ली आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

मी एका साखर कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे संगणक विभागात होतो. २०१८-१९ चा गळीत हंगाम. वजनकाट्यावर डेबियन ९ चं मशीन. काट्याच्या इंडिकेटरकडून (आकडा दाखवणारी पेटी) वजन सिरियल पोर्टने यायचं, शेतकऱ्याचा कोड आणि पावती नंबर सर्व्हरवरून. मदरबोर्डचा सिरियल पोर्ट गेला म्हणून एएमसीच्या (वार्षिक देखभाल कराराच्या) इंजिनिअरने पीसीआय एक्सप्रेसचं सिरियल कार्ड बसवलं. वजन यायला लागलं आणि नेटवर्क गेलं. त्याने नुसतं ‘डीएचक्लायंट’ (राउटरकडे नेटवर्कचा पत्ता मागणारी कमांड) टाइप केलं, राउटरकडून पत्ता मिळाला, पावती निघाली. मग आरसी-लोकलमध्ये दोन ओळी लिहिल्या, स्लीप ६० आणि डीएचक्लायंट. एकदा रीस्टार्ट करून दाखवलं आणि कॉल शीटवर सही मागितली.

मी विचारलं, कालपर्यंत हेच नेटवर्क पोर्ट फाइलमध्ये लिहिलेल्या फिक्स पत्त्यावर चालत होतं, आज का नाही? “सर, आता चालतंय ना?” एवढंच उत्तर. आमच्या साहेबांनीही मान डोलावली आणि सही झाली.

आठ-दहा दिवसांनी रात्री दोनला काट्यावरून फोन. टर्बाइन ट्रिप होऊन वीज गेली होती, परत आली होती, सर्व्हर उठला होता, पण काट्यावर पावती निघत नव्हती. मी पोचलो तेव्हा गेटच्या बाहेर रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर, त्यांच्यामागे टायरगाड्या, बैल सोडून चाकांना बांधलेले. गव्हाण (ऊस आत नेणारा पट्टा) मोकळी पडत आली होती. एक मुकादम कानाला मफलर गुंडाळून खिडकीपाशी उभे होते. “सायेब, किती वेळ? टोळीला पहाटं परत फडात जायचंय.” ऊस तोडल्यापासून वाळायला लागतो आणि पैसे टनावर मिळतात. खोळंब्याचा प्रत्येक तास शेतकऱ्याच्या पावतीतून जातो, हे ‘चालतंय ना’ म्हणणाऱ्यांना कधी दिसत नाही.

राउटर अकाउंट्सच्या खोलीत होता, तिथला यूपीएस बंद पडून तसाच राहिलेला, खोलीला कुलूप आणि किल्लीवाले गावाला. राउटर नाही म्हणजे डीएचक्लायंटला पत्ता कोण देणार? साठ सेकंद काय, सकाळपर्यंत थांबूनही तो मिळाला नसता. काटा आणि सर्व्हर तर एकाच स्विचवर होते! फिक्स पत्ता असता तर राउटरची गरजच नव्हती.

इंजिनिअरने त्या दिवशी करायला हवं होतं ते मी तेव्हा केलं. ‘डीमेसेज’मध्ये (बूटच्या नोंदी दाखवणारी कमांड) ‘रीनेम्ड’ शोधलं. ओळ समोर होती: ईएनपी३एस०, रीनेम्ड फ्रॉम ईटीएच०. इंटरफेसेस फाइलमध्ये (डेबियनची नेटवर्क सेटिंग्ज) मात्र ईएनपी२एस० लिहिलेलं. ‘जर्नलसीटीएल -बी -यू नेटवर्किंग’नेही तेच सांगितलं, कॅनॉट फाइंड डिव्हाइस ईएनपी२एस०. या नावातला ‘पी’नंतरचा आकडा हा पीसीआय बसचा, म्हणजे कार्ड जिथे जोडलंय त्या मार्गाचा, नंबर असतो. नवं कार्ड बसल्यावर बसचे नंबर एकाने सरकले आणि जुन्या पोर्टाचं नाव बदललं. पोर्ट ठणठणीत होतं. फाइलमध्ये दोनच्या जागी तीन केलं, आयफप मारलं, प्रिंटर खडखडला आणि मुकादमांची पहिली पावती निघाली. सगळं मिळून दहा मिनिटं.

सकाळी तोच इंजिनिअर म्हणाला, “नेटवर्क कार्ड खराब दिसतंय, नवीन घ्या, लिनक्समध्ये असं होतंच.” नाही होत. सिस्टीमडी, म्हणजे बूटच्या वेळी सगळं सुरू करणारा प्रोग्राम, त्याच्या १९७ व्या आवृत्तीत, २०१३ मध्ये, ही नावं आली. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मूळ पद्धतीत दोन कार्डांपैकी ज्याचा ड्रायव्हर आधी जागा होईल त्याला ईटीएच० मिळायचं. नवी पद्धत बरीच चांगली आहे, पण कार्डाची जागा सरकली की नावही सरकतं. मी मॅक पत्त्यावर (कार्डाचा स्वतःचा कायमचा नंबर) नाव बांधून टाकलं: ‘ईटीसी/सिस्टीमडी/नेटवर्क’मध्ये १०-काटा.लिंक फाइल, मॅच खाली मॅक, लिंक खाली नेम=काटा० (रोमन अक्षरांतच). इंटरफेसेस फाइलमध्येही तेच नाव, मग ‘अपडेट-इनिटरॅमएफएस -यू’, नाहीतर बूटच्या सुरुवातीलाच जुन्या नियमाने नाव पडू शकतं. आरसी-लोकल उडवली. पुढे त्या मशीनमध्ये आणखी एक कार्ड बसलं, काटा० जागचं हललं नाही. कर्नलला नेट.आयएफनेम्स=० द्या, म्हणजे जुनी ईटीएच० नावं परत येतील, असं सांगणारेही भेटतील. एकच पोर्ट असेल तर ठीक, दोन असतील तर जुना जुगार परत सुरू.

आता तुमचं. हाताने आयफप चालतं म्हणजे तुमचं नाव बरोबर आहे, माझ्यासारखी केस नाही. माझा अंदाज: मशीनला दोन पोर्ट आहेत आणि फाइलमध्ये केबल नसलेलं पोर्ट आधी आहे, ‘ऑटो’ (बूटला आपोआप उठव) आणि डीएचसीपीसह (पत्ता राउटरकडून घे). बूटच्या वेळी ‘आयफप -ए’ एकेक पोर्ट ओळीने उठवतं. पहिलं पत्त्याची वाट बघत बसतं, पाच मिनिटांची मुदत संपली की सिस्टीमडी सगळंच मारून टाकतं आणि तुमच्या चालू पोर्टाची पाळीच येत नाही. रिकाम्या पोर्टाची ‘ऑटो’ ओळ काढा किंवा तिथे ‘अलाऊ-हॉटप्लग’ लिहा, मग बूट त्याच्यासाठी अडत नाही. हॉटप्लग म्हणजे केबल लावल्यावर उठणं असा समज आहे, तो चुकीचा. कार्ड कर्नलला दिसलं की ते उठतं.

एकच पोर्ट असेल तर मात्र माझा अंदाज चुकला. मग स्विच बघा. स्पॅनिंग ट्री (केबलचं वेटोळं झालंय का हे तपासणारी स्विचची सोय) चालू असेल तर केबल जिवंत झाल्यावरही पोर्ट साधारण ३० सेकंद काही जाऊ देत नाही. तो उशीर खरा असतो, पण तोही स्विचवर पोर्टफास्ट (त्या पोर्टाला ही वाट न बघायला लावणारं सेटिंग) लावून सोडवायचा. उबुंटू १७.१० किंवा पुढचं असेल तर बहुधा नेटप्लॅन (उबुंटूची नेटवर्क सेटिंगची पद्धत) असेल, तिथे इंटरफेसेस फाइल शोधू नका, रिकाम्या पोर्टाला ‘ऑप्शनल: ट्रू’ द्या. आणि मशीन लांब असेल तर यातलं काहीही एसएसएचवरून, म्हणजे नेटवर्कमधून लांबून, करू नका, कीबोर्डपाशी माणूस बसवा.

‘आयपी -बीआर लिंक’चं आउटपुट आणि इंटरफेसेस फाइल प्रश्नात जोडा, म्हणजे अंदाजाने बोलावं लागणार नाही. आणि ज्यांनी स्लीप सुचवलाय त्यांना विचारा, साठच का? पंचेचाळीस का नाही? मी त्या इंजिनिअरला साहेबांसमोर हेच विचारलं होतं, उत्तर अजून आलेलं नाही.