पुलावर माती टाकण्याआधी

प्रश्न : आमच्या वस्तीमागच्या ओढ्यावर दगडी कमानींचा जुना पूल आहे. शेजारी नवा झाला आणि यावरची वाहतूक बंद पडली. आता तिथं कचरा पडतो, संध्याकाळी बाटल्या फुटतात. भिशीतल्या आम्ही चौदाजणींनी तिथं बाग करायचं मनावर घेतलंय. घरचे म्हणतात, सोलापुरात माणसाला पाणी नाही, झाडाला कुठलं? पुलावर बाग होते का?
– एक वाचक, अक्कलकोट रोड, सोलापूर

उत्तर : होते की, ताई! अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये शेलबर्न फॉल्स नावाचं लहानसं गाव आहे. तिथं डिअरफील्ड नदीवर १९०८ साली ट्रामसाठी ४०० फूट लांबीचा, पाच कमानींचा काँक्रीट पूल बांधला होता. पुढं मोटारी आल्या, ट्राम बुडाली. पूल पाडावा तर त्यावरून गावाच्या पाण्याची मोठी पाइपलाइन गेलेली. मग अँटोइनेट बर्नहॅम या बाईंच्या डोक्यात फुलांची कल्पना आली, गावच्या महिला मंडळानं ती उचलली आणि १९२९ साली पुलावर बाग उभी राहिली. तुमची भिशी त्याच वळणाची दिसते.

पण घाई नको. माझी हयात बांधकामावर ओव्हरसियर म्हणून गेली, तरी निवृत्तीनंतर मीच गच्चीवर विटांचा वाफा करून फूटभर काळी माती भरली. दुसऱ्या पावसाळ्यात खाली वहिनीच्या स्वयंपाकघरात गिलावा पडला, नेमका कडकण्या तळताना. ती अजून ऐकवते.

तेव्हा हिशेब ऐका. एका चौरस मीटरवर फूटभर ओली माती म्हणजे जवळपास ५०० किलो. खांद्याला खांदा लावून उभी असलेली यात्रेतली गर्दी एवढीच भरते, पण ती घरी जाते. माती बारा महिने तिथंच. शिवाय दगडी कमान जुन्या चुन्यात असते. वरून रोज पाणी मुरलं की सांध्यातला चुना धुऊन निघतो. म्हणून सरसकट माती पसरू नका, कुंड्या ठेवा, त्याही कठड्यालगत न ठेवता कमानींच्या खांबांवर येतील अशा. दक्षिण कोरियात सोल शहरामध्ये १९७० चा उड्डाणपूल २०१७ साली चालायची बाग झाला, तिथंही झाडं काँक्रीटच्या मोठ्या गोल कुंड्यांतच आहेत.

त्याआधी पूल कुणाच्या मालकीचा, हे महापालिकेत लेखी विचारा आणि स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे पूल किती भार पेलेल याची तपासणी, मागा. वर्गणी काढून नर्सरी गाठायची ती त्यानंतर.

आता पाणी. घरच्यांचं खरं आहे, चार-पाच दिवसांआड नळ येतो. पण नळ आला की आपण काय करतो? बॅरलमधलं ‘शिळं’ पाणी मोरीत ओततो आणि ताजं भरतो. (शिळं कसलं, उजनीचंच की ते!) ते ओतायचं नाही. चौदा घरांच्या दोन-दोन बादल्या म्हणजे अठ्ठावीस बादल्या झाल्या. तळाला भोक पाडून वात घातलेलं मडकं कुंडीत पुरलं, तर एवढ्यावर पन्नासेक कुंड्या एप्रिल-मेसुद्धा काढतील. गुलाब-मोगऱ्याचा मोह टाळा. बोगनवेल, सदाफुली, कोरफड, कोरांटी लावा. हायवेच्या दुभाजकावर तगते ती कण्हेरही चालेल, शेळ्या तिला तोंड लावत नाहीत. मात्र ती विषारी, पोरं खेळतात त्या टोकाला नको. सावलीसाठी कडुनिंब लावायचा तर पुलाच्या दोन्ही तोंडांना, जमिनीत.

आणि कमानीच्या फटीत पिंपळ उगवलाय का, ते पाहून कळवा. असेल तर ओढून उपटू नका, मुळाबरोबर दगड येतो. फोटो पाठवा, मग सांगतो.