धागे विरघळल्यावर रक्तवाहिनी कशाच्या जोरावर टिकते?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. विरघळणाऱ्या धाग्यांवर पेशी वाढवून रक्तवाहिनी तयार करतात, तर धागे गेल्यावर ती फुटत कशी नाही, ही एक. आणि वडिलांच्या पायातल्या शिरा बायपाससाठी चांगल्या नाहीत असं डॉक्टर म्हणाले, तर त्यांना अशी वाहिनी बसवता येईल का, ही दुसरी. याच कामात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

धागा असतो पॉलिग्लायकोलिक आम्लाचा. शस्त्रक्रियेत विरघळणारे टाके घालतात, त्याच जातीचा. त्याची जाळी हातात घेतली तर कापसाचा दाबलेला थर धरल्यासारखं वाटतं, इतकी हलकी की फुंकरीने उडेल. आत जवळजवळ सगळी पोकळीच. ही जाळी सिलिकॉनच्या बारीक नळीभोवती गुंडाळून कडा शिवायच्या, सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये थोडा वेळ बुडवून काढायची म्हणजे पेशींना चिकटायला पृष्ठभाग मिळतो, आणि मग तिच्यावर धमनीच्या भिंतीतल्या अनैच्छिक स्नायूपेशी सोडायच्या.

तुमच्या मनात धागा म्हणजे वाहिनीचा सांगाडा आहे. तो सांगाडा नाही, बांधकामाची परांची आहे. पाण्याच्या संपर्कात तो पहिल्या दिवसापासून तुटत असतो आणि काही आठवड्यांतच त्यातला जोर जातो. तोवर पेशींनी स्वतःभोवती कोलॅजेन, म्हणजे तंतूंसारखं चिवट प्रथिन, विणून भिंत उभी केलेली असली पाहिजे. नंतर रक्ताचा दाब पेलतं ते हे कोलॅजेन. म्हणूनच पेशींच्या पोषक द्रावात क जीवनसत्त्व घालतात. ते नसेल तर कोलॅजेनचे पदर एकमेकांत नीट गुंफले जात नाहीत; स्कर्व्हीत हिरड्या सुटतात त्यामागेही हेच आहे.

पण नुसतं खाऊपिऊ घालून पेशी भक्कम भिंत बांधत नाहीत, त्यांना ठोके लागतात. लॉरा निकलसन, रॉबर्ट लँगर आणि सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात हे दाखवलं. गाईच्या पेशी घेतल्या आणि आतल्या सिलिकॉनच्या नळीतून पंपाने मिनिटाला १६५ ठोके दिले, म्हणजे साधारण गर्भाच्या हृदयाच्या गतीने. आठ आठवड्यांनी वाहिनी २००० मिमी पाऱ्याहून जास्त दाब सहन करू लागली. माणसाचा वरचा रक्तदाब १२०च्या आसपास असतो, त्यावरून अंदाज करा. माझ्या हातून झालेल्या कामातही हा फरक बोटांना कळायचा. ठोके न दिलेल्या नळीत टाका घालून ओढला की तो ओल्या कागदातून यावा तसा भिंत फाडत बाहेर यायचा. ठोके दिलेली नळी मात्र टाका धरून ठेवायची. फुटण्याच्या दाबाच्या आकड्यापेक्षा मला ही परीक्षा जास्त महत्त्वाची वाटते, कारण शल्यविशारदाला ती वाहिनी शेवटी शिवायचीच असते.

धागा लवकर गेला तर नळी फुगते. रेंगाळला तरी त्रासच: त्याच्या उरलेल्या तुकड्यांजवळच्या पेशी नुसत्या विभागत राहतात, नीट स्नायू होत नाहीत. आणि इलॅस्टिनचं, म्हणजे धमनीला ताण देणाऱ्या-घेणाऱ्या प्रथिनाचं, कोडं तर अजून सुटलेलं नाही. प्रयोगशाळेतल्या पेशी ते फारच थोडं बनवतात, त्यामुळे खऱ्या धमनीची लवचीकता येत नाही.

सगळ्यात मोठी अडचण वेळेची आहे. रुग्णाच्या स्वतःच्या पेशींपासून वाहिनी वाढवायची तर आठवडेच्या आठवडे जातात, आणि वयस्कर माणसाच्या पेशी लवकर थकतात. म्हणून वेगळी वाट निघाली: दात्याच्या पेशींकडून वाहिनी विणून घ्यायची, मग त्या पेशी धुऊन टाकायच्या आणि फक्त कोलॅजेन वगैरे प्रथिनांची नळी ठेवायची. पेशीच नसल्यामुळे शरीर ती परकी म्हणून सहसा नाकारत नाही, आणि ती आधीच तयार करून ठेवता येते. ह्युमासाइट कंपनीच्या अशा वाहिनीला, सिमव्हेसला, अमेरिकेत औषध-उपचारांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने डिसेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ती प्रौढांच्या हातापायांच्या धमनीला इजा झाली, रक्तपुरवठा तातडीने सुरू करायचा आहे आणि स्वतःची शीर वापरता येत नाही, अशा वेळेसाठीच आहे. तिच्या माहितीपत्रकात ठळक इशाराही आहे की वाहिनी मध्येच फुटून किंवा जिथे शिवली तिथल्या जोडाशी सुटून जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो. तेव्हा ‘फुटत कशी नाही’ याचं खरं उत्तर, बहुतेक वेळा फुटत नाही, पण फुटू शकते, असं आहे.

आता वडिलांविषयी. सिमव्हेसचा व्यास ६ मिमी, हृदयाच्या धमन्या त्याच्या निम्म्याच्या आसपास. इतक्या बारीक नळीत रक्त गोठण्याचा धोका फार वाढतो. न विरघळणाऱ्या कृत्रिम साहित्याच्या नळ्याही तिथेच हरतात. हृदयाच्या बायपाससाठी पेशींपासून वाढवलेली वाहिनी अजून नेहमीच्या उपचारात आलेली नाही, त्यामुळे तिच्यासाठी शस्त्रक्रिया लांबवू नका. डॉक्टरांना छातीच्या आतल्या बाजूची धमनी आणि हातातली, अंगठ्याच्या बाजूने मनगटाकडे येणारी धमनी याबद्दल विचारा. पायाच्या शिरा तपासताना पोटरीच्या मागची छोटी शीर पाहिली होती का, हेही विचारा.