सांगलीत बसून तिसऱ्या-शिंपल्यांचा डीएनए काढणार असशील तर

समुद्र आपल्यापासून घाटापलीकडे, म्हणून खरी परीक्षा प्रवासातच होते. माझ्या पहिल्या खेपेला मी रत्नागिरीहून मिटलेल्या तिसऱ्या तशाच अल्कोहोलात टाकून आणल्या. आंबा घाट चढून सांगलीत येईपर्यंत आतलं मांस सडलं, कारण शिंपले घट्ट मिटलेले, अल्कोहोल आत जाणार कसं? तू तिथेच शिंपला उघड, पायाचा मसुरीएवढा तुकडा काप आणि ९५ टक्के इथेनॉलमध्ये ठेव. दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदल. फॉर्मेलिन नकोच, त्यात डीएनए तुटतो.

शिंपला मात्र फेकू नकोस! त्याच क्रमांकाची चिठ्ठी लावून जप. जनुकीय क्रमाबद्दल पुढे शंका आली तर पुरावा तोच. चिठ्ठी पेन्सिलीने लिही, शाई इथेनॉलात विरघळते.

या प्राण्यांच्या चिकट स्रावातली शर्करा पीसीआर, म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची क्रिया, अडवते. जेलवर डीएनएची पट्टी दिसली नाही तर आधी डीएनए दहापट पातळ करून बघ, मग सीटॅब पद्धतीकडे वळ, ती डीएनए काढतानाच ही शर्करा वेगळी करते.

जात ओळखण्यासाठी मायटोकाँड्रियातल्या (पेशीतल्या ऊर्जाघरातल्या) सीओआय जनुकाचा साधारण ६५० अक्षरांचा तुकडा वापरतात. पण काही शिंपल्यांत नराकडून नर पिल्लांकडे वेगळा मायटोकाँड्रियल डीएनए जातो. एकाच जातीच्या दोन जाती दिसायला लागतात! म्हणून तो नराचा डीएनए जिथे असतो त्या जननग्रंथीचा तुकडा घेऊ नकोस, आणि १६एस हा मायटोकाँड्रियातलाच दुसरा जनुक किंवा केंद्रकातला एखादा जनुकही ताडून बघ. जेनबँक या जनुकीय क्रमांच्या सार्वजनिक साठ्यातलं नावही डोळे झाकून घेऊ नकोस. तिथेही चुकीच्या नावाने भरलेले नमुने सापडतात.