वस्तऱ्याचं पातं मुठीला जोडणाऱ्या पितळी पिना ठोकायला छोटी ऐरण घरी कशी बनवावी?

विकत घेऊ नका, १६ मिमीचा एक साधा आखूड बोल्ट पुरे. त्याचा माथा कानशीने सपाट करा आणि पॉलिश पेपरने आरशासारखा चकचकीत करा. ऐरणीवरचा प्रत्येक ओरखडा पितळेवर उमटतो, म्हणून इथे घाई नको.

खरी मेहनत पिनेचं गोल टोक बसवायच्या खळगीची. माथ्याच्या मध्यभागी सेंटर पंच (टोकदार पोलादी खिळा) मारून खूण करा, २.५ मिमीच्या ड्रिलने जेमतेम अर्धा मिमी खोल टेकवा. मग सायकलच्या बेअरिंगमधला ४ मिमीच्या आसपासचा छर्रा त्यावर ठेवून व्हाइसमध्ये (शिकंज्यात) करकचून आवळा. ड्रिलच्या कडा दबून गुळगुळीत वाटी तयार होते. छर्ऱ्यावर हातोडी मारू नका, तो फुटून डोळ्यात जाऊ शकतो. आवळतानाही चष्मा हवाच.

आता बोल्टचा दांडा व्हाइसमध्ये उभा पकडा, झाली ऐरण. पिनेच्या एका टोकाचा ठोकून घुमट घडला की तो वाटीत बसवायचा. दुसरी बाजू ठोकताना तो चेपत नाही, सगळा फायदा हाच.

पिन साधारण १.६ मिमीची असते. वॉशरच्या (पिनेभोवतीच्या चकतीच्या) वर पाऊण मिमीच ठेवा, जास्त ठेवलीत तर ती आतल्या आत वाकते आणि मूठ तडकते. छोट्या गोल तोंडाच्या हातोडीने कडेकडेने हलके टकटक करा, दर दहाबारा ठोक्यांनी पातं उघडून पाहा. किंचित अडत फिरलं की थांबा. पात्याला आधी चिकटपट्टी गुंडाळायला विसरू नका.