‘तोमारीआ’ म्हणजे घेईन की घेतलं असतं?

प्रश्न : हर्णैला आमच्या घरी पाहुण्यांची राहण्या-जेवणाची सोय आहे. गेल्या मोसमात माद्रिदचं एक जोडपं आठवडाभर राहिलं. पुन्हा येणार म्हणालेत, म्हणून मोबाइलवर स्पॅनिश शिकते आहे. ‘तोमारीआ’पाशी अडले. एकीकडे अर्थ ‘घेईन’, दुसरीकडे ‘घेतलं असतं’. कोणता धरू?
– एक वाचक, हर्णै

उत्तर : ताई, दोन्ही धरा. आपण ‘घेईन’, ‘घ्याल का’, ‘घेतलं असतं’ अशी वेगवेगळी रूपं वापरतो, तिथे स्पॅनिश पुष्कळदा या एकाच रूपावर भागवतं.

रूप करायला सोपं आहे. ‘तोमार’ म्हणजे घेणे. त्यातलं काहीही न कापता शेवटी प्रत्यय लावायचा : यो तोमारीआ (मी), तू तोमारीआस, उस्तेद तोमारीआ (आदरार्थी तुम्ही), नोसोत्रोस तोमारीआमोस (आम्ही), बोसोत्रोस तोमारीआइस (तुम्ही सगळे), एयोस तोमारीआन (ते). कोमेर (खाणे) आणि बिबीर (राहणे) यांनाही हेच प्रत्यय लागतात : कोमेरीआ, बिबिरीआ. जोर नेहमी ‘री’वर.

आणि तो ‘र’ गिळू नका. मी बोटीवर इंजिनात होतो तेव्हाची गोष्ट. वालेन्सिआ बंदराजवळच्या खाणावळीत मला म्हणायचं होतं, ‘मी मासे खाईन’. तोंडातून गेलं, ‘यो कोमीआ पेस्कादो’. कोमीआ म्हणजे ‘खात असे’. बाईंना वाटलं, मी मासे सोडलेत. त्यांनी माझ्यापुढे बटाट्याचं जाड आम्लेट ठेवलं, आणि शेजारच्या ताटातल्या तळलेल्या बांगड्याकडे बघत मी ते खाल्लं. ‘कोमेरीआ’ म्हटलं असतं तर बांगडा मिळाला असता. त्या रात्री केबिनमध्ये दोन्ही रूपं पन्नासेक वेळा मोठ्यानं म्हटली.

तुम्हाला रोज लागेल ते अदबीचं बोलणं. पाहुण्यापुढे वाटी धरून आपण म्हणतो, ‘सोलकढी घ्याल का?’ स्पॅनिशमध्ये : ‘तोमारीआ उस्तेद सोलकढी?’ कॉफीलाही आपल्यासारखं ‘घेणे’च चालतं, म्हणून मी शिकवताना कोमेरच्या आधी तोमार घेतो. पाहुण्यानं फोनवर ‘शनिवारी पोचेन’ म्हटलं आणि तुम्ही ते घरात सांगताय, तर तिथेही हेच रूप : ‘दिखो के येगारीआ एल साबादो’, म्हणजे ‘शनिवारी पोचेन म्हणाला’. आपण त्याचं ‘पोचेन’ जसंच्या तसं ठेवतो, स्पॅनिश ते बदलतं. अंदाजालाही तेच. काल बंदरावर लिलाव सुरू झाला तेव्हा ‘पाच वाजले असतील’ याला ‘सेरीआन लास सिंको’.

आता ‘असतं’ची गोष्ट. ‘मी माद्रिदला राहत असते तर रोज कॉफी घेतली असती’ या वाक्यात आपल्याकडे दोन्ही अंगांना ‘असते-असती’ येतं. म्हणून माझ्याकडे शिकायला येणारी मुलं स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे ‘रीआ’ लावतात. तसं करू नका. ‘सी’ (जर) च्या मागोमाग ‘रीआ’ येत नाही, तिथे वेगळं रूप लागतं : ‘सी बिबिएरा एन माद्रिद, तोमारीआ काफे तोदोस लोस दिआस’. आणि गोष्ट काल-परवा होऊन गेलेली असेल, ‘काल घेतली असती, पण संपली होती’ अशी, तर नुसतं तोमारीआ पुरत नाही; ‘आब्रीआ तोमादो’ म्हणावं लागतं.

स्पेनच्या उत्तरेला, बास्क भागात, बोलताना ‘सी’नंतरही ‘रीआ’ वापरणारे लोक भेटतात. बिल्बाओत मी स्वतः ऐकलं आहे. पण व्याकरणात ती चूक धरतात, आणि तुमचे पाहुणे माद्रिदचे. तेव्हा तुम्ही ‘सी बिबिएरा’च म्हणा.