आधी गिऱ्हाईक हो

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. मोरोक्कोतल्या शेफशाउनच्या निळ्या गल्ल्यांवर काट मारून ताफ्राउतला जायचं ठरवलंस, ते उत्तम झालं. पण पुढची पानं वाचता वाचता माझा चहा पार गार झाला. पर्यटक म्हणून जायचं नाही. कुणाच्या तरी घरीच राहायचं, मध्ये पैसा आणायचा नाही. बदल्यात आठवडाभर मुलांना इंग्रजी शिकवायचं, पेनं आणि चॉकलेटं वाटायची. एवढं करूनही ‘आपण या लोकांना वापरून तर घेत नाही ना’ हा किडा डोक्यात राहणारच, मग जाऊच नको का, असं शेवटी मलाच विचारतेस.

जा. पण गिऱ्हाईक म्हणून जा.

नाक मुरडू नकोस. मी किराणा दुकानदाराची मुलगी, गल्ल्यामागे वाढले. मला हा शब्द कमीपणाचा वाटत नाही. गिऱ्हाईकाला दुकानात यायचा हक्क असतो आणि दुकानदाराला भाव सांगायचा. दोघांची मान ताठ राहते. तू जे योजलं आहेस त्यात ही सोय कुणालाच नाही. तू कायम उपकाराखाली आणि ते कायम पाहुणचाराखाली.

आणि तू चालली आहेस ते गाव कुणाचं, हे तरी पाहिलंस का? ताफ्राउत म्हणजे अँटी-ॲटलासमधलं गुलाबी ग्रॅनाइटच्या खडकांत वसलेलं छोटं गाव. शेजारी अमेल्नचं खोरं, वर 2359 मीटर उंच जेबेल एल केस्ट डोंगराचा कडा. संध्याकाळी तो कडा तांबूस होतो आणि सगळे तोच फोटो काढतात. पण त्या सुंदर खडकात पिकतं काय? थोडं जव, बदाम आणि खाली उतारावर अर्गानची झाडं. पाण्याचे वांधे. म्हणून पुरुष बाहेर पडले. आधी तांजियर, मग कासाब्लांका, मग फ्रान्स. जाऊन काय केलं? किराणा दुकानं टाकली. मोरोक्कोत कोपऱ्यावरचा दुकानदार म्हटला की तो या सूस भागातला, ‘सूसी’, असं लोक धरूनच चालतात. एक भाऊ शहरात दुकान बघायचा, दुसरा गावी शेत आणि घर. काही काळाने अदलाबदल. बायका मागे राहिल्या, त्यांनी घरं आणि शेतं सांभाळली, आणि ताशल्हीत ही इथली अमाझिग (बर्बर) भाषाही.

त्या साखर-साबणाच्या पैशातून खोऱ्यात मोठमोठी गुलाबी घरं उभी राहिली. वर्षभर बहुतेकांच्या खिडक्या बंद. ऑगस्टमध्ये आणि ईदला गाड्या येतात, दारं उघडतात, पोरांचा कालवा होतो, पुन्हा कुलूप. गणपतीला उघडणारी घरं पाहत मोठी झालेल्या मला हे कुणी समजावून सांगावं लागलं नाही. तिथे पहिल्या दिवशी मी एका बंद घराच्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिले होते.

आता सांग, ज्यांच्या आजोबांनी दूरच्या शहरात चटईएवढ्या दुकानात झोपून हे घर बांधलं, त्यांना तू जाऊन सांगणार की आपल्यामध्ये पैसा नको? ते हसतील. माणसं सभ्य आहेत, तोंडावर हसणार नाहीत, एवढंच.

तेव्हा जाऊन काय करायचं ते ऐक. एक छोटं हॉटेल घे, रोजचे पैसे दे. सकाळी उठून जवळच्या हानूतमध्ये जा. हानूत म्हणजे आपलं किराणा दुकान. छातीएवढा गल्ला, मागे छतापर्यंत रचलेला माल. गोल पाव, दोन अंडी, सार्डिनचा डबा, त्रिकोणी चीज, काय हवं ते घे. दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात जा. तिसऱ्या दिवशी कुठेतरी स्वस्त दिसलं तरी त्याच दुकानात जा. ‘नवीन जागा शोधायची’ ही हौस आठवडाभर बाजूला ठेव. आणि सुटे ठेव! दिरहम मोरोक्कोबाहेर सहज मिळत नाहीत, तू मशीनमधून काढणार आणि मशीन मोठ्या नोटा देणार. सकाळी आठ वाजता पावासाठी 200 ची नोट पुढे करणारं गिऱ्हाईक जगातल्या कुठल्याच दुकानदाराला आवडत नाही.

मी ती केलीच होती पुढे. त्याने नोट बघितली, गल्ल्याचा खण उघडून मला दाखवला, त्यात चिल्लरच चिल्लर. मग नोट माझ्याकडे सरकवली आणि खालून शाळेच्या वहीसारखी वही काढली. कडा काळवंडलेल्या, मध्ये रबर. अरबीत एक शब्द आणि आकडा लिहिला. शेजारी दूध घ्यायला आलेल्या पोराला मी खुणेने विचारलं, काय लिहिलंय? तो म्हणाला, ‘हिंदिया.’ भारतातली बाई. माझे वडील त्यांच्या वहीत ‘पुणेकर, चष्मा’ असं लिहायचे. मला इतकं बरं वाटलं, की आजही कुणी ताफ्राउत म्हटलं की मला कडा आठवत नाही, ती वही आठवते. पाहुण्याला उधारी मिळत नाही गं. ती गिऱ्हाईकालाच मिळते, आणि तीही ज्याचं येणं-जाणं आहे त्यालाच.

आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण मला कोरडी म्हणते. तिचं म्हणणं, मी सगळीकडे हिशेब आणते. ती आणि मी खोऱ्यातल्या एका वाडीत फिरत होतो, शुक्रवार होता. तिथे शुक्रवारी दुपारी घरोघरी कुसकुस, म्हणजे वाफवलेला रवा, असतो. एका बाईंनी दारातूनच आम्हाला जेवायला बोलावलं. ओळख म्हणावी तर पाच मिनिटांची. मैत्रीण लगेच आत. मी पोटाचं निमित्त सांगून बाहेर थांबले. त्या जेवणाचा फोटो आजही तिच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलेला आहे आणि आल्या-गेल्याला ती ती गोष्ट सांगते, मी कशी बाहेर बसले त्यासकट.

मी बरोबर होते. आमच्याकडेही समुद्र बघायला आलेली माणसं यायची, विहिरीचं पाणी मागायची, ‘खरं कोकण’ बघायचंय म्हणून माजघरात शिरायची. आई हसतमुखाने बसवायची आणि मला मागच्या दाराने दुकानात पिटाळायची, साखर आण, रवा आण. वडील ते आमच्याच नावावर वहीत मांडायचे. ती माणसं भरपेट खाऊन, ‘काय माणसं आहेत हो!’ म्हणत निघून जायची आणि जाताना दुकानातून काडेपेटीसुद्धा घ्यायची नाहीत. त्यांनी आमच्यावर प्रेम केलं असेल. मला ते प्रेम नको होतं, मला त्यांनी दोन किलो तांदूळ घ्यायला हवे होते.

आता कधीतरी शुक्रवारी दुपारी मनात येतं की त्या कुसकुसवर भोपळा होता की सलगम. मैत्रिणीला विचारलं तर तिला आठवत नाही. ते जाऊ दे.

तू म्हणशील, म्हणजे कुणी बोलावलं तर जायचंच नाही का? असं मी कुठे म्हटलं? आधी गिऱ्हाईक हो. आठ दिवस एकाच ठिकाणी पाव घेणाऱ्या मुलीला जर कुणी घरी ये म्हणालं, तर ते तिला बोलावतात, तिच्या परदेशी चेहऱ्याला नाही. तेव्हा जा. जाताना साखरेचा शंकू घेऊन जा, हानूतमध्ये कागदात गुंडाळलेला मिळतो. तिथे पुदिन्याच्या चहात पडते ती हीच साखर, फोडून, आणि लग्नकार्याला असो की दुखवट्याला, नेतात तीही हीच. पुण्याहून वाहून नेलेली चॉकलेटं नकोत.

पेनांचंही तेच. मोरोक्कोच्या डोंगरात पोरं बाहेरच्यांच्या मागे ‘स्तिलो, स्तिलो’ करत धावतात. ते त्यांना कुणी शिकवलं? तुझ्यासारख्याच चांगल्या मनाच्या माणसांनी. ताफ्राउतच्या दुकानात पेनं मिळतात. वाटायचीच असतील तर तिथे विकत घे आणि शाळेत मास्तरांच्या हातात दे, रस्त्यावर नको. आणि इंग्रजी? अगं, त्या मुलांच्या डोक्यावर आधीच अरबी आहे, फ्रेंच आहे, आणि स्वतःच्या भाषेसाठी तिफिनाघ लिपी आहे. ती 2003 पासून शाळांत यायला लागली. 2011 च्या राज्यघटनेने अमाझिग भाषेला अधिकृत दर्जा दिला, आणि अमाझिग नववर्षाची सरकारी सुटी मिळायला 2024 उजाडलं. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या भाषेला वर्गात बाक मिळून फार दिवस झालेले नाहीत. तिथे तू आठवड्याच्या पाहुणीसारखी ‘ॲपल’ शिकवायला जाऊन बसणार, आणि त्या मास्तरांचा आठवडा वाया.

फ्रेंच म्हातारे बघ. हिवाळा लागला की घरासारख्या गाड्या घेऊन येतात आणि खजुरीच्या झाडांखाली महिनेच्या महिने पडून राहतात. तुझ्या वयाची मंडळी त्यांना हसतात. खुर्ची टाकून पेपर वाचत बसलेले, ‘अनुभव’ वगैरे काही नाही. पण बेकरीवाला त्यांना नावाने ओळखतो, चांभार ओळखतो, भाजीवाला ओळखतो. 1990 च्या दशकापासून येणारे ब्रिटिश गिर्यारोहकही तसेच, वर्षानुवर्षं त्याच कड्यांवर आणि त्याच खानावळीत. मला ही माणसं आवडतात. जेबेल एल केस्ट त्यांनी ‘शोधला’ नाही, ते तिथे नुसते परत येत राहिले.

बघायच्या गोष्टी तू नकाशावर टिंबं लावून ठेवल्याच असशील. अगर्द ऊदादजवळचा नेपोलियनच्या टोपीसारखा सुळका, 1984 साली बेल्जियन चित्रकार जाँ वेराम याने निळे रंगवलेले खडक, उमेस्नातमधलं जुन्या घराचं छोटं संग्रहालय, दक्षिणेला आइत मन्सूरची खजुरीची घळ. सगळं बघ. निळ्या खडकांवर तुझं काहीतरी मत होणार, होऊ दे, फक्त ते चहावाल्याला ऐकवू नकोस.

अर्गानच्या तेलाबद्दल मात्र दोन शब्द. बायका मांडीशी दगड घेऊन, दगडानेच एकेक कठीण बी फोडतात, मग आतला गर भाजून जात्यावर दळतात. हे कसब 2014 साली युनेस्कोच्या यादीत गेलं. यादीत गेल्याने मनगट दुखायचं थांबत नाही. तेल फार स्वस्त मिळत असेल तर एक तर ते अर्गानचं नाही, नाहीतर कुणाचं तरी मनगट फुकट गेलंय. बदाम, अर्गानचं तेल आणि मध घालून केलेलं अमलू घे, पावाला लावून खा. गावातच घे, हमरस्त्यावरच्या चकचकीत दुकानात बस थांबवतील तिथे नको.

घासाघीस? पाव-अंड्यांवर कधीच नाही. चपलांवर, गालिच्यांवर खुशाल कर, त्यांनाही मजा येते. पण घ्यायचंच नसेल तर भाव विचारू नकोस. भाव विचारून, चहा पिऊन, आकडा खाली आणून मग ‘बघते’ म्हणत उठणारी माणसं मी गल्ल्याच्या आतून पाहिली आहेत. वाडीतली वाट दाखवायला कुणी पोरगा आला तर निघायच्या आधी किती घेणार ते विचार. तो म्हणेल, तुमच्या मर्जीने. ऐकू नकोस. आकडा वदवून घे. तुझ्या मर्जीवर सोडलं की शेवटी तुला वाटणार जास्त दिले आणि त्याला वाटणार कमी मिळाले.

एकटी मुलगी म्हणून विचारलंस. गाव शांत आहे. चहाच्या टपऱ्यांवर पुरुषच बसलेले दिसतील. कुणी उठवणार नाही, पण निवांत बसायचं तर केकच्या दुकानात बस, तिथे बायकामुलंही असतात. अंगभर कपडे घाल. खोऱ्यातल्या बायका काळ्या वस्त्रात गुरफटून शेताकडे जाताना फार देखण्या दिसतात, आणि नेमका तोच फोटो काढायचा नाही. विचारलंस आणि नाही म्हणाल्या, तर दुसऱ्यांदा विचारू नकोस. हिंदी सिनेमाचा विषय निघेल, शाहरुखबद्दल तुला त्यांच्यापेक्षा कमी माहिती निघेल, तयारी ठेव.

बदामाचा बहर फेब्रुवारीत असतो, थंडीवर पुढे-मागे. तेव्हाच्या बदाम-उत्सवाच्या गर्दीत जाऊ नकोस असं सांगणार होते, पण जा, तेव्हा गावात विक्री होते. अगादिरला उतर, तिथून किंवा तिझनीतहून बस धर. घाटात डाव्या-उजव्याचा विचार न करता पुढची सीट पकड, तुला गाडी लागते. बाजार बुधवारी भरतो, तेव्हा मंगळवारी संध्याकाळपर्यंत पोहोच. आल्या-आल्या झोपू नकोस, आधी हानूतमध्ये जाऊन पाण्याची बाटली घे आणि तोंड दाखवून ये.

बाजाराच्या मागच्या गल्लीत चपलांची दुकानं आहेत. पिवळ्या पुरुषांच्या, लाल बायकांच्या. माझ्यासाठी एक लाल जोड आण, 38 नंबर, टाचेमागे चामडं असलेला. मला भेट वगैरे म्हणून देऊ नकोस. किती पडले ते सांग, पैसे मी त्याच दिवशी पाठवीन.

तुझी,
मावशी